सिग्नल म्हणजे काय, आणि साइन वेव्ह सगळीकडे का?

ईसीजीचा कागद नीट पाहिलात तर त्यावर बारीक चौकटी छापलेल्या दिसतात. त्या शोभेसाठी नसतात. कागद नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, सरकत असतो, म्हणून आडवी एक छोटी चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. उभी एक छोटी चौकट म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. त्या वेड्यावाकड्या रेषेवरचा कुठलाही बिंदू उचला, तो इतकंच सांगतो की अमुक क्षणाला त्वचेवरच्या इलेक्ट्रोडांमधला विद्युतदाब अमुक होता. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधला सिग्नल तो हाच. वेळ सांगितली की किंमत मिळते, असं नातं. गणितात याला फलन म्हणतात.

वेळच असली पाहिजे असंही नाही. कृष्णधवल फोटो हाही सिग्नल आहे. तिथे आडवं आणि उभं स्थान सांगायचं आणि त्या जागेचा उजेड मिळवायचा. पण सुरुवातीला शिकताना वेळ हाच चल धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण बहुतेक मजा तिथेच आहे.

किंमत व्होल्टमध्येच असण्याचं कारण मात्र निव्वळ सोयीचं आहे. आवाज मुळात हवेच्या दाबातला बदल असतो, तापमान हे तापमानच असतं. पण हवेचा दाब हजार पट वाढवणं, दूर पाठवणं, त्यातला नको तो भाग गाळणं अवघड. विद्युतदाबाचं हे सगळं सहज जमतं. म्हणून माइक हवेच्या दाबाचं व्होल्टेज करून देतो. के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, तापमानातल्या दर अंश सेल्सिअस फरकामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. रूपांतर झालं की पुढे सगळ्यांचं गणित एकच. हृदय, भूकंप, गाणं, इंजिनाची थरथर, सर्किटला त्याचं सोयरसुतक नसतं.

सिग्नलच्या शेजारी कायम उभा असलेला दुसरा प्राणी म्हणजे नॉइज. आपल्याला हवा असलेला बदल तो सिग्नल, नको असलेला तो नॉइज. निसर्ग असा भेद करत नाही, आपण करतो. ईसीजी काढताना रुग्णाने हात घट्ट आवळला तर स्नायूंचे विद्युत ठोके रेषेत मिसळतात आणि तंत्रज्ञ वैतागतो. तोच स्नायू तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र तेच ठोके हवे असतात आणि हृदयाचा ठोका मध्ये लुडबुडत असतो. काही नॉइज तर कशानेही पूर्ण टाळता येत नाही. साध्या रेझिस्टरमधले (करंटला अडथळा करणाऱ्या घटकामधले) इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात आणि त्याच्या दोन टोकांत अगदी बारीक, अनियमित व्होल्टेज उमटत राहतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या जॉन जॉन्सन यांनी ते मोजलं, त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, आणि दोघांचे लेख १९२८ मध्ये आले. १ किलोओहमचा रेझिस्टर, खोलीचं तापमान आणि वारंवारतेचा १० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा धरला (वारंवारता म्हणजे सेकंदाला किती फेऱ्या, ती हर्ट्झमध्ये मोजतात) तर हे व्होल्टेज ०.४ मायक्रोव्होल्टच्या आसपास येतं. ईसीजीचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा, म्हणून तिथे खपून जातं. पण लांबच्या अवकाशयानाकडून येणारा सिग्नल ऐकायचा असेल तर ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट, पार उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्याही खाली थंड करून ठेवावा लागतो.

आता वर्गीकरण. पाठ्यपुस्तकं इथे बरीच पानं खर्च करतात: सम आणि विषम, पुन्हापुन्हा येणारा आणि न येणारा, निश्चित आणि यादृच्छिक. व्याख्या वाचून पटकन समजतात, त्यामुळे त्यावर थांबत नाही. एका जोडीवर मात्र थांबायला हवं, कारण तिचं कारण बहुधा कोणी सांगत नाही: ऊर्जा सिग्नल आणि शक्ती सिग्नल.

१ ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेज लावलं तर त्या क्षणी खर्च होणारी शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग. हे वर्ग सगळ्या काळाचे गोळा केले की एकूण ऊर्जा. एकदा वाजून विरून गेलेली टाळी घ्या, बेरीज मर्यादित येते. पण अनादी काळापासून अनंत काळापर्यंत चालणारी साइन वेव्ह, म्हणजे एकसारखी वरखाली डुलणारी गुळगुळीत लाट, घेतली तर बेरीज अनंत. मग तिला मोजायचं कसं? सरासरी काढून. दर सेकंदाची सरासरी शक्ती मर्यादितच असते. आरएमएस नावाचा आकडा इथूनच येतो: सरासरी शक्तीचं वर्गमूळ. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्ट म्हणतात तेव्हा तो आरएमएस असतो. तारेतलं व्होल्टेज प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत ३२५ व्होल्टपर्यंत चढतं आणि उणे ३२५ पर्यंत उतरतं. २३० हा आकडा इतकंच सांगतो की हीटर तापवण्याच्या बाबतीत ही साइन वेव्ह २३० व्होल्टच्या स्थिर डीसीइतकीच कामाची आहे. इन्सुलेशन निवडणाऱ्याने मात्र ३२५ लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुख्य प्रश्नाकडे. पहिल्या वर्षापासून साइन वेव्ह पाठ सोडत नाही. सर्किटचं उदाहरण घ्या, साइन. ॲम्प्लिफायर तपासा, साइन. विचारलं तर उत्तर मिळतं, सोपी असते म्हणून. मला हे उत्तर कधीच पटलं नाही. सोपंच हवं तर चौकोनी वेव्ह जास्त सोपी आहे: वर, खाली, वर, खाली, एका स्विचने तयार होते.

खरं कारण सर्किटच्या वागण्यात आहे. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक. त्यातला करंट व्होल्टेजवर अवलंबून नसतो, व्होल्टेज किती वेगाने बदलतंय त्यावर असतो. इंडक्टरचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, उलट: त्याच्यावरचं व्होल्टेज करंटच्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात. म्हणजे सर्किट आलेल्या सिग्नलचा चढ-उताराचा वेग काढतं, त्याला कुठल्यातरी आकड्याने गुणतं आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतं. आता चौकोनी वेव्हचा बदलाचा वेग काढून पाहा. सपाट भागात शून्य, उड्यांच्या जागी प्रचंड टोकं. आकार ओळखू येत नाही. त्रिकोणी वेव्हचा वेग काढला तर चौकोनी वेव्ह मिळते. साइनचा वेग काढला तर? पुन्हा साइनच, फक्त चतुर्थांश फेरीने पुढे सरकलेली. आणि एकाच वारंवारतेच्या दोन साइन, कितीही मागेपुढे सरकलेल्या, एकमेकींत मिळवल्या तरी त्याच वारंवारतेची तिसरी साइनच तयार होते. म्हणून रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर कितीही गुंतागुंतीने जोडा, एका टोकाने साइन घातली आणि सर्किट स्थिरावू दिलं की दुसऱ्या टोकाने त्याच वारंवारतेची साइन बाहेर येते. बदलू शकतात दोनच गोष्टी: तिची उंची आणि तिचं मागेपुढे सरकणं, म्हणजे फेज. आकाराला धक्का लागत नाही.

हे फक्त या तीन घटकांपुरतं नाही. कुठलीही व्यवस्था दोन अटी पाळत असेल तर तिच्यात साइन अशीच पार होते. पहिली अट, रेषीयता: दोन सिग्नल एकत्र घातले तर उत्तर दोघांच्या स्वतंत्र उत्तरांची बेरीज असावी, आणि सिग्नल तिप्पट केला तर उत्तरही तिप्पट व्हावं. दुसरी अट, वेळेने न बदलणं: आज घातलेल्या सिग्नलला जे उत्तर मिळालं तेच उद्या घातल्यावर उद्या मिळावं. या अटी तंतोतंत पाळणारी वस्तू जगात नाही. ॲम्प्लिफायरला फार मोठा सिग्नल दिला की वेव्हचे शेंडे छाटले जातात आणि रेषीयता संपते. पण मर्यादेत वापरलं तर बहुतेक सर्किटं पुरेशी प्रामाणिक असतात.

ठीक, साइन आरपार जाते. पण कामाचे सिग्नल कुठे साइन असतात? ईसीजी नाही, बोलणं नाही. इथे फ्रेंच गणितज्ञ जोझेफ फूरिए येतात. उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना त्यांनी १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे दावा मांडला की कुठलंही फलन साइन आणि कोसाइनच्या बेरजेने लिहिता येतं, मग त्यात टोकदार कोपरे का असेनात. परीक्षकांत नामवंत गणितज्ञ लाग्रांज होते आणि त्यांना हे मान्य नव्हतं. गुळगुळीत साइन मिळवून कोपरा कसा तयार होईल, ही शंका काही बावळट नव्हती. फूरिएंचा ग्रंथ यायला १८२२ उजाडलं, आणि कोणत्या फलनांना हे लागू पडतं, नेमक्या कोणत्या अर्थाने, हे नीट व्हायला आणखी काही दशकं गेली.

चौकोनी वेव्हवर हे करून पाहता येतं. तिच्याच वारंवारतेची एक साइन घ्या. तीनपट वारंवारतेची, एकतृतीयांश उंचीची दुसरी मिळवा. पाचपट, एकपंचमांश. सातपट, एकसप्तमांश. प्रत्येक बेरजेला माथा सपाट होत जातो आणि कडा उभी. लाग्रांजांच्या शंकेत तथ्य होतं ते इथे दिसतं: कितीही साइन मिळवल्या तरी उडीच्या अगदी जवळ रेषा थोडी जास्त वर जाते, उडीच्या साधारण ९ टक्के. साइन वाढवत नेल्या तर हा उंचवटा बुटका होत नाही, अरुंद होत जातो आणि उडीला चिकटतो. गिब्जच्या नावाने तो ओळखला जातो, पण हेन्री विल्ब्रॅहम यांनी तो १८४८ मध्येच टिपला होता.

दोन्ही धागे जोडले की सगळा विषय उघडतो. सिग्नल साइनमध्ये फोडा, प्रत्येक साइनचं सर्किटमध्ये काय होतं ते वेगवेगळं काढा (फक्त उंची आणि फेज), आणि परत बेरीज करा. सर्किटची ओळख म्हणजे मग एकच आलेख: कुठल्या वारंवारतेला किती वाट मिळते. वरच्या वारंवारता अडवणाऱ्या सर्किटमधून चौकोनी वेव्ह गेली की कोपरे गोल होऊन येतात, कारण कोपरे त्या वरच्या साइननीच बांधलेले होते.

ईसीजीचा सिग्नल असा फोडला तर निदानासाठी लागणारा भाग साधारण ०.०५ ते १५० हर्ट्झमध्ये सापडतो. श्वासाबरोबर रेषा हळूहळू वरखाली डुलते ती १ हर्ट्झच्याही खाली. आजूबाजूच्या विजेच्या तारांमुळे येणारी बारीक गुणगुण नेमकी ५० हर्ट्झवर, किंवा जिथे पुरवठा ६० हर्ट्झचा आहे तिथे ६० वर. वेळेच्या आलेखात ही गुणगुण आणि हृदयाचा ठोका एकमेकांवर चढलेले असतात, वेगळे काढायची सोय दिसत नाही. वारंवारतेच्या आलेखात तीच गुणगुण एका जागी उभी असलेली एकटी काडी असते. तेवढीच जागा अडवणारा फिल्टर लावला की रेषा स्वच्छ. पण फुकट काही नाही: ठोक्याचा सर्वात टोकदार भाग, ज्याला क्यूआरएस म्हणतात, त्याचाही थोडा अंश ५० हर्ट्झच्या आसपास असतो. फिल्टर गुणगुणीबरोबर त्यालाही थोडं खातो, म्हणून डॉक्टर फिल्टर लावलेल्या कागदाकडे जरा जपून पाहतात.

टोकदार भाग वरच्या वारंवारतेपर्यंत का पोहोचतो यामागे एक नियम आहे: वेळेत जितकं आखूड, वारंवारतेत तितकं पसरट. दूर वीज चमकली की एएम रेडिओवर कडकड ऐकू येते, आणि गंमत म्हणजे स्टेशन बदललं तरी ती ऐकू येतेच. विजेचा झोत इतका क्षणिक असतो की तो कुठल्याही एका स्टेशनच्या वारंवारतेत मावत नाही, सगळ्यांवर सांडतो. हीच कल्पना टोकाला नेली की मिळतो इम्पल्स: शून्य वेळेचा, तरी क्षेत्रफळ १ असलेला टोला. असा टोला प्रत्यक्षात नसतो, पण त्यात सगळ्या वारंवारता सारख्याच प्रमाणात असतात. म्हणून वर सांगितलेल्या दोन अटी पाळणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेला एक टोला द्या आणि उत्तर नोंदवा, तिच्याबद्दलचं सगळं कळलं. रिकाम्या सभागृहात फुगा फोडून घुमणारा आवाज रेकॉर्ड करतात तो याचसाठी. त्या एका रेकॉर्डिंगवरून कुठलंही गाणं त्या सभागृहात कसं ऐकू येईल ते संगणकावर काढता येतं. ती क्रिया म्हणजे कन्व्होल्यूशन. परीक्षेत तिचा धाक फार, पण मुळात काम साधं आहे: सिग्नल म्हणजे लहानमोठ्या टोल्यांची रांग धरायची आणि प्रत्येक टोल्याचं घुमणं आपापल्या वेळी सुरू करून सगळ्यांची बेरीज करायची.

आतापर्यंतचे सिग्नल अखंड होते. संगणकात मात्र आकडेच जातात, त्यामुळे सिग्नलला दोनदा कात्री लागते. एकदा वेळेला: ठरावीक अंतराने मोजमाप घ्यायचं, याला सॅम्पलिंग म्हणतात. एकदा किमतीला: प्रत्येक मोजमाप ठरलेल्या पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवायचं, हे क्वांटायझेशन. या दोन कात्र्या वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत पुस्तकातही होते. कॅमेऱ्यातल्या जुन्या सीसीडी सेन्सरवर चित्राचे तुकडे वेगवेगळे असतात, पण प्रत्येक तुकड्यातला विद्युतभार कितीही असू शकतो. तिथे पहिली कात्री लागली आहे, दुसरी नाही. दोन्ही लागल्या तरच सिग्नल डिजिटल.

पहिल्या कात्रीबद्दल प्रथम ऐकताना विश्वास बसत नाही अशी गोष्ट ही, की तिने काही गमावलंच पाहिजे असं नाही. सिग्नलमधल्या सर्वात वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घेतले, तर मधला सगळा सिग्नल त्या सॅम्पलांवरून तंतोतंत परत उभा करता येतो. जवळपास नव्हे, तंतोतंत. याची बीजं नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या तारायंत्रावरच्या लेखात आहेत, व्लादिमीर कोटेल्निकोव यांनी ते १९३३ मध्ये मांडलं, आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखाने ते सर्वत्र पोहोचवलं. डिजिटल आवाजाचं चित्र काढताना जिन्यासारखी रेषा काढायची पद्धत आहे, ती मला दिशाभूल करणारी वाटते. सॅम्पल हे बिंदू असतात, पायऱ्या नव्हेत. स्पीकरकडे जाण्याआधी फिल्टर त्या बिंदूंमधून गुळगुळीत रेषा ओढतो, आणि अट पाळली असेल तर तशी रेषा एकच असते.

नेमकं दुप्पट का पुरत नाही? साइनच्या एका फेरीत दोनच सॅम्पल घेतले आणि दुर्दैवाने दोन्ही शून्यावर पडले, तर हातात नुसती शून्यं. आणि दुपटीहून कमी घेतले तर त्याहून वाईट होतं: सिग्नल हरवत नाही, वेष बदलतो. सेकंदाला ८,००० सॅम्पल घेत असताना ५,००० हर्ट्झचा सूर आला, तर मिळणारे आकडे ३,००० हर्ट्झच्या सुराचे असतात. अगदी तेच आकडे. पुढे कितीही हुशार प्रोग्राम लिहा, खरा कोणता ते सांगता येणार नाही. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ती याचमुळे: सेकंदाला २४ चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे सेकंदाला २३ फेऱ्या घेणारी खूण सेकंदाला एक फेरी मागे जाताना दिसते. म्हणून नको त्या वरच्या वारंवारता सॅम्पल घेण्याआधीच गाळाव्या लागतात. नंतर सावरू म्हणणाऱ्याला इथे संधी नाही.

दुसरी कात्री मात्र काहीतरी कापतेच. बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक, आणि १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. खरी किंमत आणि पायरी यांतला फरक नॉइज होऊन राहतो. प्रत्येक वाढीव बिटामागे हा नॉइज सुमारे ६ डेसिबलने खाली जातो, म्हणजे त्याचं व्होल्टेज निम्मं होतं, आणि १६ बिटांवर सर्वात मोठ्या साइनच्या तो सुमारे ९८ डेसिबल खाली असतो. टेलिफोनला इतकी चैन परवडत नव्हती. तिथे सेकंदाला ८,००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४,००० बिट ठरले. आवाजाचा फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा घेतला, आणि पायऱ्या सारख्या अंतरावर न ठेवता हळू आवाजासाठी जवळजवळ, मोठ्यासाठी लांबलांब ठेवल्या. त्या पट्ट्यात बोलणं समजतं. गाणं केविलवाणं वाटतं.

सीडीचा आकडा सेकंदाला ४४,१०० सॅम्पल. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याची दुप्पट ४०,०००, आणि फिल्टर एका झटक्यात बंद होऊ शकत नाही म्हणून वर थोडी मोकळी जागा. इथवर सगळं सिद्धांताप्रमाणे. पण मग ४४,००० का नाही, ४५,००० का नाही? तर त्या काळी इतके बिट साठवायला सोयीची वस्तू म्हणजे व्हिडिओ टेप होती. आवाजाचे सॅम्पल टीव्हीच्या चित्राच्या ओळींत भरले जायचे, एका ओळीत तीन. चित्राच्या एका पद्धतीत वापरता येणाऱ्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. दुसऱ्या पद्धतीत २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे ४४,१०० च येतात.